तोलून दिलेला पॉवर सप्लाय

बाजाराच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना चढलं की उजवीकडचा तिसरा गाळा काटेवाल्यांचा. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गल्ल्याशेजारी त्यांनी एक वजनकाटा ठेवला होता, पार्सलं तोलतात तसला, सपाट, स्टीलचा, हिरवे आकडे दाखवणारा. कॉम्प्युटरच्या दुकानात काटा कशाला, असं विचारणाऱ्याला ते सविस्तर सांगत आणि न विचारणाऱ्यालाही सोडत नसत. त्यातून नाव पडलं आणि चिकटलं.

त्यांचं काम जुळणीचं. गिऱ्हाइकाने आपली ऐपत सांगायची आणि तेवढ्यात बसेल असा कॉम्प्युटर त्यांनी सुटे भाग निवडून, जोडून द्यायचा. त्यातही गेम खेळणाऱ्यांचा कॉम्प्युटर म्हणजे तारेवरची कसरत, कारण या लोकांची भूक हत्तीची आणि खिसा मुंगीचा. त्यांना ग्राफिक्स कार्ड मोठं हवं, पडदा मोठा हवा, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला काचेची बाजू हवी, आतल्या पंख्यांना रंगीत दिवे हवेत आणि उरलेल्या चिल्लरीत बाकीचं सगळं बसवून हवं. काटेवाले शांतपणे ऐकून घेत. मग एखाद्या खोक्याचा पुठ्ठा फाडत आणि त्यावर शंभर असा आकडा लिहीत. रक्कम कितीही असो, तिचे शंभर वाटे करायचे ही त्यांची रीत. चाळीसच्या आसपास ग्राफिक्स कार्डाला, अठरा-वीस प्रोसेसरला, दहा मदरबोर्डाला, असं करत ते खाली येत. पण पुठ्ठ्यावर सगळ्यांत वर, पहिल्या ओळीत, ते पॉवर सप्लाय लिहीत. गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं झालं की म्हणत, आधी पोट, मग तोंड.

पॉवर सप्लाय म्हणजे विटेहून थोडी मोठी लोखंडी पेटी. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या प्रत्येक भागाला मापात वाढायची, एवढंच तिचं काम. ती कुणाला दिसत नाही, तिचं कुणी कौतुक करत नाही, म्हणून काटछाट करायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. स्वस्त पेटी आणि चांगली पेटी बाहेरून सारखीच दिसते. फरक आत असतो: तांब्याच्या तारा, उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. लबाड कारखानदार नेमकं हेच कमी घालतो आणि पेटी हलकी होते. काटेवाले तरुणपणी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली होते. त्याने हे गुपित त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून प्रत्येक पॉवर सप्लाय काट्यावर चढे आणि पावणेदोन किलोच्या खालचा माल दुकानात टिकत नसे.

या नियमाने पंचवीस वर्षं त्यांची लाज राखली, हे कबूल केलं पाहिजे. पण मधल्या काळात पेट्यांची घडण बदलली. चांगले कारखाने हलक्या पेट्यांतून उत्तम वीज देऊ लागले. हे काटेवाल्यांना ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. मी म्हणेन ती पूर्व दिशा, असा एकूण खाक्या. माणूस सरळ, कुणाचा पै-पैसा बुडवलेला नाही, पण ऐकून घेण्याच्या बाबतीत आनंदच. लग्न केलं नाही त्याचंही कारण त्यांच्या बहिणीने हेच सांगितलं होतं.

त्या वर्षी एका नव्या पुरवठादाराचा माणूस दुकानात येऊ लागला. सोनेरी काड्यांचा चष्मा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधाळ. पहिल्या खेपेला त्याने हिरव्या लेबलाचा एक पॉवर सप्लाय नमुना म्हणून पुढे ठेवला. भाव ऐकून कुणाचंही मन पाघळावं. काटेवाल्यांनी तो काट्यावर ठेवला. एक किलो शंभर. मग त्यांनी त्या माणसाला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि तासभर त्याची शाळा घेतली. तांबं कुठे असतं, पट्ट्या किती जाड लागतात, चोर कुठे हात मारतो आणि पावणेदोन किलोच्या खालच्या पेटीला आपण बोटही का लावत नाही, सगळं सांगितलं. तो मान डोलवत होता. मधेच त्याने विचारलं, म्हणजे तुम्ही खोलून बघत नाही? काटेवाल्यांनी त्यालाही उत्तर दिलं: खोलली की सील तुटतं, वॉरंटी जाते, आणि खोलायची गरजच काय, काटा कधी खोटं बोलत नाही.

जाताना त्या माणसाने हात जोडले, फार शिकायला मिळालं म्हणाला. काटेवाल्यांना दिवसभर बरं वाटत राहिलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात त्या अशा, आणि वर चहासुद्धा पाजतात.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. पाच खोकी घेऊन. तेच हिरवं लेबल, भाव किंचित जास्त, तरीही स्वस्त. तुमचं म्हणणं साहेबांच्या कानावर घातलं, त्यांनी मालच बदलायला लावला, असं त्याने सांगितलं. काटेवाल्यांनी पाचही पेट्या एकेक करून तोलल्या. दोन किलो साठ ग्रॅम. पाचही. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. खरं तर इतका सारखेपणा पाहूनच माणसाने सावध व्हायला हवं होतं. काटेवाले खूश झाले. कारखान्याला शिस्त आहे, असं म्हणाले आणि पाचही ठेवून घेतल्या.

त्याच आठवड्यात त्यांची भाची आली.

काटेवाल्यांचा जीव कुठे अडकलेला असेल तर तो या पोरीत. तिचे वडील ती चार वर्षांची असताना घर सोडून गेले ते गेलेच. तिची आई, म्हणजे काटेवाल्यांची धाकटी बहीण, इस्पितळात रात्रपाळीची आया. पोरीला शाळेतून आणायचं, दुकानात बसवायचं, झोप आली की खोक्यांच्या थप्पीमागे चटईवर निजवायचं, हे मामाने केलं. हातात पेन्सिल धरायच्या आधी तिने स्क्रूड्रायव्हर धरला होता. आता ती बावीस वर्षांची होती, पार्सलच्या गोदामात कामाला होती आणि गेम खेळत होती. नुसती खेळत नव्हती. पाच जणांचा त्यांचा चमू होता आणि चमूची स्पर्धा महिन्या-दीड महिन्यावर आली होती. जुन्या लॅपटॉपवर तिचं पात्र गोळी झाडायला जाई तेव्हा समोरचा तिला मारून पुढे गेलेला असे. चौदा महिने पगारातून बाजूला टाकून तिने रक्कम जमवली होती.

ती स्वतःची यादी करूनच आली. काटेवाल्यांनी यादी वाचली आणि मनात गहिवरून आले, कारण पहिल्या ओळीत पॉवर सप्लाय होता. तोंडाने मात्र ते म्हणाले की प्रोसेसर एक पायरी खाली घे, गेमला एवढा लागत नाही. ती म्हणाली लागतो. अर्धा तास वाद झाला आणि चक्क मामाने माघार घेतली. मदरबोर्ड साधा घ्यायचा, यावर दोघांचं एकमत झालं. पंख्यांचे दिवे तिने स्वतःहून खोडले. काचेच्या बाजूवर मात्र ती अडून बसली, आतलं दिसायला हवं म्हणाली. असं करत शंभरपैकी एकोणनव्वद वाटे जागच्या जागी बसले आणि गाडी पॉवर सप्लायवर येऊन अडली.

तिला हवा होता तो अकरा वाट्यांचा होता. समोरच्या गाळ्यातून तिने तो दाखवायला म्हणून मागूनच आणला होता. काटेवाल्यांनी तो काट्यावर ठेवला. दीड किलोला दहा ग्रॅम कमी.

"ह्यात काय कापूस भरलाय?" ते म्हणाले.

भाचीने सांगून पाहिलं की वजनाचे दिवस गेले, या पेटीची लोकांनी खोलून, दिवस-दिवस ताण देऊन परीक्षा घेतली आहे, वाचायला सगळं आहे. काटेवाल्यांनी फोन तिच्या हातातून घेतला, न बघताच गल्ल्यावर ठेवला आणि हिरव्या लेबलाची पेटी काट्यावर चढवली. दोन किलो साठ. शिवाय किंमत फक्त सहा वाटे. वाचलेले पाच ग्राफिक्स कार्डात घातले तर तिला वरच्या पायरीचं कार्ड येत होतं, जे तिने यादीत लिहायचीही हिंमत केली नव्हती. काटेवाल्यांनी पुठ्ठ्यावर ते कार्ड लिहिलं आणि पुठ्ठा तिच्यासमोर सरकवला. लालूच कुणाला सुटली आहे? ती बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिली.

"मामा, मला हा आतून बघायचाय," ती शेवटी म्हणाली.

"आतून काय बघायचंय? मी आहे ना."

तिने पैशांचं पाकीट काढून गल्ल्यावर ठेवलं. बावीस वर्षं हेच वाक्य ऐकत ती मोठी झाली होती आणि आजवर ते एकदाही खोटं पडलं नव्हतं.

रविवारी सकाळी काटेवाल्यांनी तिच्या घरी जाऊन जुळणी करून दिली. दोन खोल्यांचं घर, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत आई दिवसा झोपायची, म्हणून कॉम्प्युटर आतल्या खोलीत. तिला खिडकी नव्हती, वरती हातभर झरोका होता आणि त्यालाही आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पोरीने जुनी उशी कोंबली होती. दार लावलं की आतला आवाज बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. टेबलाखाली गादीची गुंडाळी. भिंतीतला प्लग काटेवाल्यांनीच काही वर्षांपूर्वी बसवला होता. पडदा उजळला तेव्हा पोरीने मामाला मिठी मारली आणि काटेवाले चष्मा पुसायचं निमित्त करून बाहेर आले.

पहिली तक्रार तीन आठवड्यांनी आली. हिरव्या लेबलाची दुसरी पेटी एका फोटोवाल्याने नेली होती. तो पेटी काढून घेऊन आला, म्हणाला वास येतो, जळका नाही, पण बरा नाही. काटेवाल्यांनी काय करावं? त्यांनी पेटी काट्यावर ठेवली. दोन किलो साठ. "वजन जसंच्या तसं आहे," ते म्हणाले. माणसाला ताप आला म्हणून त्याची उंची मोजावी, तसला हा प्रकार. पण ते अगदी मनापासून म्हणाले. धूळ बसली असेल, असं सांगून त्यांनी फुंकर मारून पेटी परत दिली. फोटोवाला घुटमळला आणि काटेवाल्यांचा शब्द म्हणून घेऊन गेला.

त्या संध्याकाळी मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली. दुकान बंद करता करता त्यांनी बहिणीला फोन लावला. पोरीचं यंत्र कसं चाललंय, एवढंच विचारलं. चालतंय म्हणजे काय, बहीण म्हणाली, सुट्टी असली की दार लावून आत असते, जेवायला चार हाका माराव्या लागतात. काटेवाले हसले. वासाबद्दल विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. विचारलं असतं तर का विचारता हे सांगावं लागलं असतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही. फोन ठेवल्यावर त्यांना हलकं वाटलं आणि त्या हलकं वाटण्याची थोडी भीतीही वाटली.

आठ दिवस गेले. रविवारची दुपार. बाजार अर्धा बंद होता. हिरव्या लेबलाची तिसरी पेटी बसवून नेलेल्या एक शिकवणीवाल्या बाई रिक्षातून अख्खा कॉम्प्युटर घेऊन आल्या, रिक्षावाल्याकडून वर आणवला आणि काउंटरवर ठेववला. मागची बाजू काळी पडली होती. तारेचं प्लास्टिक वितळून पेटीला चिकटलं होतं. बाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, टेबलाचा कोपरा जळला, खिडकीचा पडदा पेटला होता, मुलं पाच मिनिटांपूर्वीच घरी गेली होती. एवढं सांगून त्या तिथेच उभ्या राहिल्या, उत्तराची वाट बघत.

काटेवाल्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या दुकानातल्या पॉवर सप्लायचं सील तोडलं. चार स्क्रू, मग झाकण. आत तळहाताएवढा एक पातळ बोर्ड होता. तांब्याच्या नावाने दोन केसासारख्या तारा, पट्ट्यांच्या नावाने पत्र्याचे तुकडे. आणि बाजूच्या भिंतीला, काळ्या चिकटपट्टीत नीट गुंडाळून, डिंकासारख्या कशाने तरी घट्ट बसवलेली एक लोखंडी पट्टी. तिला एकही तार जोडलेली नव्हती. तिचं काम फक्त जड असण्याचं होतं.

त्यांनी ती उचकटून काट्यावर ठेवली. नऊशे साठ ग्रॅम. उरलेली पेटी ठेवली. एक किलो शंभर. आकडा ओळखीचा होता. तोच नमुना, तीच पेटी. आत भरला होता तो फक्त काटेवाल्यांना लागणारा आकडा, आणि तो त्यांनी स्वतःच्या तोंडाने, चहा पाजून सांगितला होता.

बाईंना त्यांनी सांगितलं की सगळं भरून देतो, आज नाही, आज मला जाऊ द्या. पाचांतल्या दोन पेट्या फळीवर होत्या. एक ही समोर. फोटोवाल्याला फोन लावला तेव्हा तो म्हणाला, मी ती त्याच दिवशी कचऱ्यात टाकली, आणि पुढे तो जे बोलला ते काटेवाल्यांनी निमूट ऐकून घेतलं. राहिली एक.

भाचीचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. मग आठवलं. आज स्पर्धा. तीन ते सहा फोन करू नकोस मामा, मी बाजूला ठेवणार आहे, असं तिने बजावलं होतं. तीन तास सलग, दार लावून, कार्ड पूर्ण ताकदीने. आणि कार्ड वरच्या पायरीचं, जास्त वीज ओढणारं, मामाने मिळवून दिलेलं. बहिणीचा फोन बंद होता. रात्रपाळीहून येऊन ती झोपलेली असणार.

त्यांनी फळीवरून दुसऱ्या कंपनीची एक चांगली पेटी पिशवीत टाकली, दुकान तसंच उघडं ठेवून शेजाऱ्याला हाक मारली आणि रस्त्यावर आले. बस मिळाली. वीस मिनिटांचा रस्ता. आणि या वीस मिनिटांत काटेवाल्यांच्या मनात पहिलं काय आलं, ते सांगायला हवं, कारण ते स्वतः नंतर कधी सांगणार नाहीत. त्यांच्या मनात आलं की पोरीला खरं कशाला सांगायचं? स्पर्धेसाठी मामाकडून भेट, म्हणून नवी पेटी बसवू. जुनी घेऊन येऊ. कुणाला कळणार आहे? दोन थांबे ते हा विचार घोळवत बसले होते. तिसऱ्या थांब्याला बस सिग्नलवर अडकली आणि शेजारून आगीचा बंब घंटा वाजवत, त्यांच्याच रस्त्याने पुढे निघून गेला. मग त्यांच्या डोक्यात कुठलाच विचार उरला नाही.

बंब पोरीच्या गल्लीत वळला नव्हता. काटेवाले तीन जिने कसे चढले हे त्यांना आठवत नाही. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मुठीने वाजवलं. बऱ्याच वेळाने बहिणीने दार उघडलं, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले.

"दादा, काय झालं? कोण गेलं?"

ते तिला बाजूला सारून आत गेले आणि आतल्या खोलीचं दार ढकललं. खोली तापलेली होती, अंधार होता, पडद्याचा निळा उजेड पोरीच्या तोंडावर. ती जिवंत होती. कानांवर हेडफोन, ओठ दाताखाली, बोटं चाललेली. काटेवाले गुडघ्यांवर खाली बसले आणि प्लगकडे हात नेता नेता त्यांची नजर कॅबिनेटच्या काचेतून आत गेली. आत हिरवं लेबल नव्हतं. काळी, आटोपशीर, दीड किलोला दहा ग्रॅम कमी असलेली पेटी होती. समोरच्या गाळ्यातली.

त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी तिथेच जमिनीवर बसून डोकं टेबलाच्या पायाला टेकवलं.

पोरीने एका कानावरचा हेडफोन सरकवला. मामा इथे कसा, हे तिला कळेना, आणि मामाची नजर कुठे आहे हे कळलं तेव्हा ती ओशाळली.

"मामा, रागावू नकोस. पगार झाल्यावर मी बदलला. तुझा वाईट होता म्हणून नाही. मला माझा हवा होता, एवढंच. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"बरं केलंस," काटेवाले म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून तिने कधी ऐकले नव्हते. "फार बरं केलंस. माझा कुठे आहे?"

"विकला ना. अर्ध्या किमतीत."

"कुणाला?"

तिने पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे, एका पडक्या भिंतीच्या आडोशाला, एक शिपाई बंदूक रोखून बसला होता. त्याच्या डोक्यावर नाव होतं: आजोबा.

आजोबा म्हणजे त्यांच्या चमूतला वयाने सगळ्यांत मोठा, अडतीस वर्षांचा, म्हणून आजोबा. खरं नाव तिला माहीत नव्हतं. कुठल्याशा कचेरीत पहारेकरी आहे, एका खोलीत राहतो, अंथरुणाला खिळलेली आई त्याच खोलीत असते, एवढं बोलण्यात आलं होतं. पेटी तिने त्याला बसथांब्यावर नेऊन दिली होती. पत्ता नाही, नंबर नाही. जे काही बोलणं व्हायचं ते इथेच, खेळताना.

काटेवाल्यांनी तिला दोन वाक्यांत सांगितलं. लोखंडी पट्टी, जळलेला कोपरा. तिने हेडफोनची तार काढली, आवाज स्पीकरवर आला. गोळ्यांचा आवाज, कुणाचं तरी हसणं.

"आजोबा, कॉम्प्युटर बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, शेवटची फेरी. जिंकतोय आपण."

"मी दिलेला पॉवर सप्लाय खराब आहे. बंद करा."

"तो? मस्त चाललाय. जरा वास येतो, पण नव्या वस्तूला येतोच."

काटेवाले टेबलावरच्या माईकजवळ वाकले. आपला आवाज असा परक्याच्या घरात जाणार, याची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते मोठ्याने बोलले. "बंद करा. प्लग काढा भिंतीतला."

"हे कोण?"

"मी तिचा मामा. तो मीच दिला होता."

"अरे, काटेवाले मामा?" पलीकडचा माणूस मनापासून हसला. "मग काय काळजी? तुमच्याकडून तपासून आलाय म्हणाली, म्हणून तर मी डोळे झाकून घेतला. दहा मिनिटं द्या मामा. आई झोपलीय, तोवर एवढं उरकतो."

काटेवाल्यांनी आयुष्यभर कमावलेलं नाव ते हेच. अनोळखी माणूस, कुठल्या तरी लांबच्या खोलीत, आईच्या उशाशी बसून त्यांच्यावर विश्वास ठेवत होता आणि काही केल्या तो विश्वास सोडत नव्हता. बहीण दारात येऊन उभी होती. भाची मामाकडे बघत होती.

"ऐका," ते म्हणाले. "मी तो तपासला नव्हता. आत काय आहे ते मी पाहिलंच नव्हतं, नुसतं सांगितलं चांगला आहे म्हणून. आत लोखंड भरलंय. मला फसवलं, आणि मी हिला फसवलं, आणि हिच्या हातून तुम्हाला. एक पेटला आहे. आईला उठवा आणि प्लग काढा."

गोळ्यांचे आवाज चालू होते. मग "काय म्हणता?" असे शब्द आले, आणि खुर्ची ओढल्यासारखा आवाज, आणि त्यानंतर एक करकर, आणि मग तेही नाही.

भिंतीआडचा शिपाई थांबला. बंदूक रोखलेली तशीच राहिली. थोड्या वेळाने त्याच्या डोक्यावरचं नाव करडं झालं.

बाकीचे तिघं विचारत होते, आजोबा कुठे गेले, आजोबा कुठे गेले. भाचीने स्पीकर बंद केला. तिने आजोबांना निरोप लिहिला, मग दुसरा लिहिला, मग तिसरा. तिन्ही पोचले नव्हते. खोलीत नव्या पेटीच्या पंख्याचा बारीक आवाज तेवढा होता. दहा मिनिटं गेली. वीस गेली. बहीण कधीतरी येऊन गादीच्या गुंडाळीवर बसली. पडद्यावर स्पर्धा हरल्याची पाटी येऊन गेली, ती कुणी वाचलीही नाही. करडं नाव करडंच राहिलं.

"मामा," भाची म्हणाली, "त्यांनीच काढला असेल ना प्लग? म्हणूनच गेले असतील ना?"

काटेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती चार वर्षांची असल्यापासून ते तिला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत आले होते, आणि आत्ताही तिला हवं ते उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं.

"मला माहीत नाही, बाळा," ते म्हणाले.